देणाऱ्याचे वावडे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तेव्हा एका चालकांनी विचारलेच, "युनियनचा माणूस किडनी-लिव्हरवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शाळेचे शिक्षण आठवीला संपले आणि पुढचे नगरवाचनालयाच्या बाकावर व युनियनच्या कचेरीत झाले. परंतु गेली तीस वर्षे साताऱ्यापासून मिरजेपर्यंत संघटनेचे काम करताना आमचा जितका वेळ कारखान्यांच्या फाटकांवर गेला, तितकाच दवाखान्यांच्या ओसऱ्यांवर गेला. मिरज तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रोग्यांची पंढरीच झालेली आहे. आमच्या सभासदाचे कोणी आजारी पडले की त्याच्याबरोबर तेथे जायचे, कागद भरायचे, डॉक्टर बोलतील ते समजून घ्यायचे आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगायचे, हे आमच्या कामाचेच एक अंग झाले. आजचा विषय आम्हाला अशाच एका ओसरीवर सापडला.

सहा-सात वर्षांपूर्वीची हकिगत. आमच्या संघटनेतील एका फिटरची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. शेवटी त्याच्या बायकोने आपले एक मूत्रपिंड द्यायचे ठरवले. तपासण्या झाल्या, जुळले. तेथे एक तरुण मुलगी होती. तिच्या हुद्द्याला प्रत्यारोपण समन्वयक म्हणतात. ती छापील तक्ता घेऊन बाईंना एकेक प्रश्न विचारीत होती. विचारता विचारता म्हणाली, "काकू, काही खाल्ल्यावर अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, असं कधी झालंय का?"

बाई सहज म्हणाल्या, "सुकटीनं होतंय की. निवडताना हातालाबी खाज येतीय."

आमचा फिटर चकित झाला. "अगं, तुला सुकाट आवडत न्हाई म्हनतीस न्हवं?"

"तसं म्हनायचं," बाई म्हणाल्या. "तुमास्नी आवडती, म्हनून करत हुते. खात नव्हते एवढंच."

सव्वीस वर्षांचा संसार. दर पंधरवड्याला घरात सुकट शिजत होती. ज्या हातांनी ती शिजत होती ते हात खाजत होते, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मंडळी, त्या दिवशी आम्हाला दोन प्रश्न पडले. पहिला असा की, बाईंच्या सुकटीच्या खाजेशी नवऱ्याच्या मूत्रपिंडाचा संबंध काय? आणि दुसरा असा की, ही गोष्ट घरात कोणालाच कशी ठाऊक नव्हती? पहिल्याचे उत्तर आम्ही वाचून मिळवले. दुसऱ्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.

आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : वावडे. आवड वेगळी, नावड वेगळी आणि वावडे वेगळे. नावड जिभेची असते, वावडे सबंध शरीराचे असते. एखाद्याला कारल्याची नावड असेल, तर तो तोंड वाकडे करील, पण त्याचा जीव जाणार नाही. ज्याला शेंगदाण्याचे खरे वावडे आहे, त्याने एक दाणा खाल्ला तरी अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन तत्काळ मिळाले नाही, तर माणूस दगावूही शकतो.

हे का होते? आपले रक्त जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करते. त्यांतील एका जातीला इम्युनोग्लोब्युलिन ई म्हणतात. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये जोहान्सन व बेनिच यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. काही माणसांच्या शरीराची गफलत होते आणि निरुपद्रवी अन्नालाच ते शत्रू समजते. मग त्या अन्नाविरुद्ध ही प्रतिपिंडे तयार होतात. ती कातडीतील, श्वासनळीतील, आतड्यातील पहारेकरी पेशींवर जाऊन चिकटतात. पुढे ते अन्न पोटात आले की हे पहारेकरी एकदम बोंब ठोकतात, आणि मग त्या धावपळीतच घराची मोडतोड होते.

आता मुद्द्याचा प्रश्न. एकाचे वावडे दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते काय? शंभर वर्षांपूर्वीच याचे उत्तर 'होय' असे मिळाले होते. १९१९ साली न्यूयॉर्कच्या रामिरेझ नावाच्या डॉक्टरांनी एक हकिगत छापली. एका पांडुरोगी माणसाला दुसऱ्याचे रक्त दिले होते. काही दिवसांनी तो घोडागाडीतून फेरफटका मारायला निघाला आणि त्याला दम्याचा झटका आला. पूर्वी त्याला असे कधीच झाले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की, रक्त देणाऱ्याला घोड्याच्या सान्निध्याने दमा होत असे. पुढे १९२१ साली जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी याचा पडताळा स्वतःच्या अंगावर घेतला. क्यूस्टनरला शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्याच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झने आपल्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तो तेवढीच जागा लाल होऊन सुजली. वावडे रक्तातून वाहून नेता येते, हे सिद्ध झाले.

रक्ताचे असे, तर मग सबंध अवयवाचे काय? १९९७ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एक प्रकरण प्रसिद्ध केले. २२ वर्षांचा एक तरुण शेंगदाण्याच्या वावड्यानेच मेला होता. त्याचे यकृत आणि एक मूत्रपिंड ३५ वर्षांच्या एका माणसाला बसवले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. तीन महिन्यांनी त्या माणसाने शेंगदाणे खाल्ले. आयुष्यभर तो ते खात आला होता. त्या दिवशी मात्र अंगावर पुरळ उठले आणि घसा आवळून श्वास कोंडला. त्याच दात्याचे दुसरे मूत्रपिंड एका स्त्रीला दिले होते, तिला मात्र काहीही झाले नाही. पुढे २००३ साली ऑस्ट्रेलियातून दुसरी हकिगत आली. दाता १५ वर्षांचा मुलगा, तोही शेंगदाण्याच्या वावड्याने गेलेला. त्याचे यकृत ६० वर्षांच्या गृहस्थाला बसवले. पंचविसाव्या दिवशी त्या गृहस्थाने काजू खाल्ले आणि तो आजारी पडला. त्या मुलाचे इतर अवयव ज्यांना मिळाले, त्यांच्यात असे काही आढळले नाही.

या दोन्ही प्रकरणांत यकृत आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. यकृत हा नुसता मांसाचा गोळा नव्हे. संरक्षणाचे काम करणाऱ्या दात्याच्या असंख्य पेशी त्याच्यात मुक्कामाला असतात. यकृत नव्या घरी गेले की त्याही बरोबर जातात आणि जुनी सवय काही काळ चालू ठेवतात. फुप्फुसांच्या बाबतीतही असे प्रकार नोंदलेले आहेत. मूत्रपिंडातून हे फारच क्वचित घडते. सोबत नुसती प्रतिपिंडेच आली असतील, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत ती झिजून जातात. २०१५ साली कॅनडातून एका ८ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध झाली. मेंदूतील गाठीवर उपचार चालू असताना त्याला रक्तातील बिंबिका दिल्या होत्या. त्यानंतर, पूर्वी सहज खाल्लेला सामन मासा आणि शेंगदाणा त्याला सोसेना. सहा महिन्यांनी ते वावडे नाहीसे झाले. पण दात्याच्या पेशी नव्या शरीरात घर करून राहिल्या, तर वावडेही मुक्काम लांबवते.

एक दुसरा प्रकारही सांगितला पाहिजे, नाहीतर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. कधी कधी दात्याला कशाचेच वावडे नसते, तरी घेणाऱ्याला नवीनच उत्पन्न होते. विशेषतः यकृत बसवलेल्या लहान मुलांत हे दिसते. परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाचे औषध देतात. त्याचा याच्याशी संबंध असावा, असे तज्ज्ञ मानतात. त्या औषधाने आतड्याची चाळणी सैल होते आणि न पचलेले अन्नाचे कण रक्तात जास्त शिरतात, असे एक कारण ते देतात. म्हणून प्रत्यारोपणानंतर काही खाऊन त्रास झाला, की "दात्याकडूनच आले" असे म्हणून मोकळे होऊ नये. डॉक्टरांना सांगावे, तपासणी करून घ्यावी. आणि घाबरून गोळी तर मुळीच बंद करू नये. गोळी बंद केली, तर मिळालेला अवयवच हातचा जायचा.

आता कोणी म्हणेल, "हे फ्रान्स-ऑस्ट्रेलियाचे पुराण आम्हाला कशाला?" सातारा आणि सांगली कागदावर दोन जिल्हे असतील, पण दोहोंचे स्वयंपाकघर एकच आहे. शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची. पण आपल्या चुलीवर ती अशी काही रुळली की, आज तिच्यावाचून आपले पान हलत नाही. कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपवासाच्या खिचडीत कूट, भाकरीबरोबर दाण्याची चटणी, साताऱ्याकडे म्हाद्या. ज्याला शेंगदाणा वर्ज्य करायचा, त्याने आपल्याकडे जेवायचे तरी काय? पंगतीत बसून त्याने विचारले, "यात कूट आहे का?" तर वाढणारा हसून म्हणतो, "थोडासाच आहे!" तो 'थोडासा' काय करू शकतो, हे आपण आत्ताच ऐकले. आणि केवळ शेंगदाण्याचेच नव्हे. हरभऱ्याच्या डाळीचे, दुधाचे, अंड्याचे, कोळंबी-सुकटीचेही वावडे असते.

येथे आम्हाला एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. अवयवदानाचा विषय काढला की पुष्कळ घरांत पहिला प्रश्न येतो, "देणारा मांसाहारी होता का? कोणत्या जातीचा? त्याचा स्वभाव आमच्या माणसात येणार का?" मित्रहो, यातले काहीही येत नाही. दात्याची आवड येत नाही, नावड येत नाही, जात येत नाही, पाप-पुण्यही येत नाही. क्वचित येते ते वावडे, आणि तेही तपासता येते, सांभाळता येते. ज्याचे यकृत निकामी झाले आहे, त्याला नवे यकृत मिळाले नाही तर तो मरतो. त्याला यकृत मिळाले आणि शेंगदाणा सोडावा लागला, तर तो कुटाविना जेवून जगतो. या दोहोंत तोलण्यासारखे काय आहे? वावडे आहे म्हणून सहसा दाता नाकारला जात नाही आणि नाकारूही नये. मात्र घेणाऱ्याला ते सांगितले गेले पाहिजे. आमच्या सगळ्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे.

आमच्या धंद्यातला दाखला देतो. कारखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा कामगार मशीन येणाऱ्याच्या हाती सोपवतो. नुसते मशीन सोपवून भागत नाही. शेजारी नोंदवही असते. "चक सैल आहे", "तेल गळते आहे, लक्ष ठेवा", असे दोन शब्द त्याने लिहिले नाहीत, तर येणाऱ्याचे बोट जाते. जाणारा वाईट असतो असे नाही, त्याला घरी जायची घाई असते इतकेच. अवयवदान म्हणजेही पाळीची बदलीच. फरक हा, की येथे जाणारा पुन्हा बोलायला येणार नाही. म्हणून त्याची नोंदवही दुसऱ्या कोणीतरी भरली पाहिजे.

ती कोण भरणार? १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू मान्य केला. चार डॉक्टरांचे मंडळ तो ठरवते, आणि तपासणी सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. मग नातेवाइकांची संमती घेतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. आपले दोन्ही जिल्हे पुण्याकडे येतात. अवयव कोणाला द्यायचा ते प्रतीक्षायादीवरून ठरते. दाता कोण हे घेणाऱ्याला सांगत नाहीत, आणि तेच योग्य आहे, नाहीतर देवघेवीचा बाजार व्हायला वेळ लागणार नाही. पण त्यामुळे घेणाऱ्याला दात्याच्या घरी जाऊन विचारताही येत नाही. माहिती जायची ती एकाच वाटेने : घरच्यांकडून समन्वयकाकडे, तेथून डॉक्टरांकडे आणि मग रोग्याकडे. त्या वाटेवर पहिलाच माणूस "ठाऊक नाही" म्हणाला, तर पुढे काय जाणार?

आणि येथे आम्हाला आमची स्वतःची चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी महामार्गावर आमच्या एका तरुण कंत्राटी कामगाराला मोटारसायकलचा अपघात झाला. हेल्मेट नव्हते. घर परप्रांतात, खोलीवरचे सोबती वेगवेगळ्या पाळ्यांना गेलेले. दवाखान्यात आम्ही पोहोचलो. डॉक्टरांनी विचारले, "याला कशाची ॲलर्जी आहे?" आम्ही गप्प. रक्तगट? गप्प. घरचा फोन? गप्प. त्याच्या वर्गणीची पावती आम्ही स्वतः फाडली होती. त्याचा पगार किती कापला जातो, हे पैशापर्यंत आम्हाला पाठ होते. त्याच्या देहाबद्दल मात्र एक अक्षर ठाऊक नव्हते. तो त्याच रात्री गेला. दानाचा प्रश्नच उद्भवला नाही. पण ती गप्प राहिलेली मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. कामगाराला नुसता हजेरीचा आकडा समजू नका, असे मालकांना ठणकावून सांगणारे आम्ही. आमच्या वहीत तरी तो दुसरे काय होता?

त्यानंतर आम्ही संघटनेच्या ओळखपत्रामागे चार ओळी छापून घेतल्या : रक्तगट, घरचा फोन, कोणत्या औषधाचे वावडे, कोणत्या अन्नाचे वावडे. खर्च काहीच आला नाही. भरून घेताना मात्र गंमत झाली. निम्म्या लोकांनी चौथी ओळ कोरी ठेवली. आम्ही म्हणालो, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी एकजण आला आणि म्हणाला, "आई सांगती, ल्हानपनी अंडं खाल्लं की माझं डोळं सुजायचं. मला म्हाईतच नव्हतं." माणसाच्या देहाची वही बहुधा आईजवळ असते, नाहीतर बायकोजवळ. आणि आईच्या, बायकोच्या देहाची वही? ती कोणाजवळच नसते. कारण ती शेवटी जेवते. तिच्या पानात काय होते आणि काय नव्हते, हे पाहायला तोवर पंगतीत कोणी उरलेले नसते.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. अवयवदानाचा संकल्प करा, पण करताना घरच्यांना नुसते "माझे डोळे द्या, किडनी द्या" एवढेच सांगू नका. मला कशाचे वावडे आहे, तेही सांगा आणि लिहून ठेवा. ज्यांच्यावर तशी वेळ येईल त्यांनी समन्वयकाच्या प्रश्नांना कंटाळू नये. दुःखाच्या त्या घटकेला 'काय खाल्ल्यावर त्रास व्हायचा' हा प्रश्न क्रूर वाटेल, पण तो कोणा अनोळखी माणसाचा श्वास राखण्यासाठी असतो. ज्यांना अवयव मिळाला आहे त्यांनी आपण होऊन डॉक्टरांना विचारावे, "देणाऱ्याला काही वावडे होते का?" नाव विचारू नये, वावडे विचारावे. आणि रुग्णालयांनी तो रकाना कधी कोरा सोडू नये.

आमच्या फिटरचे काय झाले, हे सांगून संपवतो. बाईंचे मूत्रपिंड त्याला बसले आणि ते नीट चालले आहे. धोका अगदी थोडा होता, तरी डॉक्टरांनी ती गोष्ट त्याच्या कागदावर लिहिली. काही महिने सुकट, कोळंबी खाऊ नका, मग तपासणी करू, असे बजावले. तपासणीत काही निघाले नाही. "आता खायला हरकत नाही," असे डॉक्टर म्हणाले. आम्ही त्याला विचारले, "मग आणली का सुकाट?"

तो म्हणाला, "न्हाई. हात तिचं खाजत्यात."

मंडळी, हे कळायला त्याला तिचे मूत्रपिंड घ्यावे लागले. आपण आज घरी गेल्यावर, पान वाढून घेण्याआधी, नुसते विचारले तरी पुरे आहे.

जय हिंद. जय महाराष्ट्र.